दगडोबाचं सोंग

नाटक होऊन सहा दिवस झाले होते, तरी दगडोबा समोरून येताना दिसला की पुनम वाट सोडायची. ती कुणाच्या तरी गोठ्यामागं व्हायची आणि त्याच्या वहाणांचा आवाज लांब जाईपर्यंत शेणाच्या वासात तशीच उभी राहायची. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो खांद्यावर उपरणं टाकून, मान खाली घालून शेताकडं जायचा आणि तसाच परत यायचा.

तालुक्याच्या लोह्यापासून अठरा किलोमीटरवरच्या हिवरवाडीत साप चावला की माणसाला आधी दगडोबाच्या ओसरीवर न्यायचे. तो लिंबाच्या डहाळीनं अंगावरून विष उतरवायचा, हिरवी मिरची चावायला द्यायचा, तिखट लागलं की म्हणायचा, "उतरलं." बहुतेक माणसं चालत घरी जायची. जी जात नसत, त्यांची वेळ भरलेली होती असं गाव म्हणायचं.

पुनम नांदेडला नाट्यशास्त्र शिकत होती. यंदा त्यांना एक पेपर होता, गावाच्या सुधारणेसाठी नाटक आणि व्हिडिओ कसे वापरायचे याचा. ज्यानं त्यानं एक गाव धरायचं, तिथला एक प्रश्न धरायचा, गावात जाऊन नाटक करायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि दिवाळीआधी अहवाल द्यायचा. शिकवणाऱ्या मालविका मॅडम लातूरच्या. त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, "ज्याच्यावर बोट ठेवणार, त्याला आधी जाऊन भेटा. त्याला बोलतं करा. नाहीतर ते नाटक नाही, नुसती टिंगल होते."

पुनम भेटली नव्हती. लहानपणी तिनं दगडोबाच्या ओसरीवर एका गड्याला मिरच्या चावत रडताना पाहिलं होतं, तेव्हापासून त्या दारावरून जायला तिचे पाय धजत नसत. अहवालात मात्र तिनं लिहून टाकलं: संबंधित व्यक्तीची भेट घेतली.

मारुतीच्या पारावर नाटक झालं. दगडोबाचं सोंग तिनं स्वतःच घेतलं होतं. तागाच्या मिशा, हातात केरसुणी आणि काखेत खरीखुरी जिवंत कोंबडी. "आधी कोंबडी, मंग मंतर!" असं म्हणत ती डोळे फिरवायची आणि अख्खा पार हसून लोळायचा. साप चावलेली बाई शेवटी मरायची, मग सगळे मिळून सांगायचे: पळू नका, हात हलवू नका, आवळून बांधू नका, दवाखाना गाठा. दगडोबा मागं खांबाला टेकून बसला होता. संपायच्या आधीच तो उठला आणि उपरणं झटकून निघून गेला. लोक त्याच्या पाठीकडं बघूनही हसले.

तिच्या वर्गातल्या राघवेंद्रनं व्हिडिओ काढला होता. त्यातला कोंबडीचा तुकडा संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या फोनवर गेला आणि दुसऱ्या दिवशी बिलोलीला, दगडोबाच्या लेकीच्या सासरी पोचला.

सातव्या दिवशी सकाळी नळावर पार्वतीबाई भेटली, दगडोबाची बायको. पुनमला पळायला जागा नव्हती. हंडा अर्धा भरला होता.

"पोरी," पार्वतीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आमी माळकरी हाव. आमच्या घरात अंडं बी येत न्हाई. त्यांनी उभ्या जन्मात कुनाची सुपारी घेतली न्हाई, नारळ तेवढा मारुतीला फोडतेत. ती कोंबडी कुठून आनलीस तू?"

पुनमचा हंडा भरून वाहायला लागला. तिला सांगता आलं नाही की कोंबडी काखेत धरली की लोक हसतात, म्हणून आणली.

"जावई फोन करून हासला त्यांना," पार्वतीबाई म्हणाली आणि घागर काखेला मारून चालू लागली.

*

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सोयाबीन कापून चार दिवस रानात पडलं होतं. मजूर मिळत नव्हते, सगळ्यांचीच घाई एकदम आली होती. बा, म्हणजे ग्यानोबा, पहाटेच म्हणाला, "आज गंजी लागली न्हाई तं मोड फुटंल दान्याला." मग घरचे चौघंही रानात गेले. बा, माय गुणाबाई, थोरला भाऊ सत्यम आणि पुनम.

वाळलेल्या शेंगांची टोकं हाताला टोचत होती. पुनमचे तळवे नांदेडच्या दोन वर्षांत मऊ झाले होते, दुपारपर्यंत त्यांतून रक्त आलं. मायनं तिला हातावर बांधायला जुन्या पातळाची चिंधी दिली. स्वतःच्या हाताला मात्र काही बांधलं नाही. "माझं कातडं म्हशीचं हाय," ती म्हणाली. पेंढ्या उचलायच्या, कवटाळून न्यायच्या, ताडपत्रीवर टाकायच्या. अंगावर धूळ बसून घामाचा चिखल झाला होता. लांब कंधारकडं वीज लवायची की बा नुसता वर बघायचा आणि पाय उचलायचा.

चारच्या सुमाराला बांधाकडचे शेवटचे ढीग उरले होते. माय वाकली, दोन्ही हात ढिगाखाली घातले, आणि कुकरची शिट्टी सुटावी तसा फुस्कारा झाला.

माय ओरडली नाही. तिनं हात ओढून घेतला आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली. ढिगाखालून मनगटाएवढं जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेलं जनावर सावकाश बांधाच्या दगडांत शिरलं. त्याला काही घाई नव्हती.

"घोणस," बा म्हणाला. त्याच्या हातातली पेंढी खाली पडली.

उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ दोन ठिपके होते. एकातून रक्त येत होतं. पुनम तीन हात लांब उभी होती. तिला आपले पाय दिसत होते, पण ते हलत नव्हते. तालमीत पन्नास वेळा म्हटलेली वाक्यं होती, पारावर घसा फोडून सांगितलेली. त्यातलं एकही तिला आठवेना.

"पोरी," मायच म्हणाली. ती मटकन खाली बसली होती. "त्या नाटकात तू सांगतीस ना हाताचं... हालवू नको म्हणून. आसाच ठिवू का?"

सत्यम बैलाचं दावं घेऊन धावत आला आणि मायच्या दंडाला फास घालायला लागला. तेव्हा कुठं पुनमच्या तोंडून आवाज निघाला.

"बांधू नको, दादा! आवळू नको!"

"मंग काय करू? बघत बसू?"

"दवाखान्यात. लोह्याला. आत्ताच्या आत्ता."

बानं उपरण्याची झोळी करून मायचा हात गळ्यात अडकवला. सत्यमनं तिला पाठीवर घेतलं. रानापासून गाव दीड किलोमीटर. चिखलाच्या वाटेनं तो धापा टाकत पळत होता आणि पुनम बाजूनं मायचा हात धरून चालत होती, पळत होती. वाटेत माय दोनदा म्हणाली, "आग हून राहिली रं, नुसती आग."

पारावर रविकिरणची जीप उभी होती. तो शाळेच्या पोरी सोडून नुकताच आला होता. पण सत्यम जीपकडं वळलाच नाही. तो दगडोबाच्या आळीत शिरला.

"दादा, जीप तिकडं हाय!"

"लोह्याला पोचेपर्यंत तासभर जाईल. आधी उतरवून घिऊ."

"तिथं काही उतरत न्हाई, दादा!"

सत्यम थांबला आणि मागं वळला. त्याचा चेहरा घामानं आणि भीतीनं ओळखू येत नव्हता. "माय मेली तं काय करू? तुझं नाटक बघत बसू का?"

गल्लीतली माणसं जमा झाली होती. कुणी म्हणत होतं, आधी उतरवून घ्या. कुणी म्हणत होतं, हिच्याच नाटकाचा कोप झाला. नागुबाई नावाची म्हातारी पुनमच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली, "सोंग घिऊन हासलीस ना देवमानसाला? भोग आता." पुनमनं रविकिरणला हाक मारली. तो जीपजवळून चार पावलं आला आणि म्हणाला, "दगडोबाकाका न्या म्हणले तं नेतो. माझ्या गाडीत काही झालं तं गाव मला उभं करनार न्हाई."

बा मायचं पाऊल धरून चालत होता, एवढंच.

*

दगडोबा ओसरीवर बसला होता. त्यांना पाहून तो उठला. पुनमशी त्याची नजर मिळाली आणि तिला वाटलं, आता हा म्हणणार, ज्या तोंडानं हासलीस त्याच तोंडानं मंतर म्हण.

त्यानं घोंगडी अंथरली, मायला निजवलं आणि हात बघितला. पाऊण तासही झाला नव्हता, पण मनगट कोपराएवढं झालं होतं. हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. जखमेतलं रक्त थांबलं नव्हतं, ते पातळ, पाण्यासारखं ओघळत होतं.

"तोंड उघड, गुणा," तो म्हणाला.

मायनं तोंड उघडलं. हिरड्यांच्या कडेनं लाल रेघ दिसली. दगडोबा ती बघत राहिला. ओसरीखाली वीसेक माणसं उभी होती. पार्वतीबाईनं आतून लिंबाची डहाळी आणि दोन मिरच्या आणून त्याच्याजवळ ठेवल्या.

त्यानं मिरच्यांना हात लावला नाही.

"बांगड्या काढा," तो म्हणाला.

निघत नव्हत्या. साबण लावून बघितला, तेल लावलं. माय कण्हायला लागली.

"फोडा मंग."

हे ऐकून बायकांत कुजबूज झाली. बा पुढं झाला. "दगडोबा, मी जिता हाय ना. जित्या नवऱ्यासमोर बायकोच्या हातातल्या..."

"म्हनूनच म्हनतो. तूच फोड."

बानं कमरेचा विळा काढला, मायच्या हाताखाली चिंधी घातली आणि विळ्याच्या मुठीनं एकेक बांगडी ठेचली. काचा ओसरीवर उडाल्या. माय डोळे मिटून होती. शेवटची फुटली तेव्हा ती म्हणाली, "फोडल्या म्हनू नका. वाढवल्या म्हना." बा विळा टाकून तोंड फिरवून बसला.

मग दगडोबा डहाळी घेऊन उभा राहिला. त्यानं ती मायच्या अंगावरून एकदा फिरवली, डोक्यापासून पायापर्यंत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लई चढलंय. बसून उतरत न्हाई हे. चालत्या गाडीत उतरवावं लागतंय. रविकिरण, जीप आन. लोह्याच्या वाटंला लाग. मी संगं येतो."

दोन मिनिटांत जीप दारात आली.

जीपमधे दगडोबा मायच्या डोक्याशी बसला. पुनम पायाशी, बा आणि सत्यम पुढं. पाऊस सुरू झाला होता. गाव दिसेनासं झालं तशी दगडोबानं डहाळी खाली ठेवली. त्याचे ओठ हलत होते म्हणून पुनमनं कान दिला. तो मंत्र म्हणत नव्हता. तो नुसता म्हणत होता, "हाण, रविकिरण. हाण. हाण."

लोह्याला डॉक्टरीणबाईंनी मायचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. "वीस मिनिटं या नळीला हलवायचं नाही," त्या म्हणाल्या. "गोठलं तर ठीक." पुनम भिंतीला पाठ लावून त्या नळीकडं बघत राहिली. बोटाएवढी नळी, त्यात मायचं लाल रक्त. वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं.

सलाईनमधून विषावरच्या इंजेक्शनच्या बाटल्या चढवल्या आणि मग गाडीत घालून मायला नांदेडला नेलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून तासभर उशीर केला असतात तर मी काही सांगू शकले नसते." सत्यमनं भिंतीवर डोकं टेकलं. दगडोबा दाराबाहेर वहाणा हातात घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं.

*

नांदेडच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं, पण मायला लघवी होईना. डॉक्टर म्हणाले, विष मूत्रपिंडावर गेलं असेल, वाट बघू, नाहीतर मशीनवर घ्यावं लागेल. मायचा चेहरा सुजून गोल झाला होता. हात काळानिळा, खांद्यापर्यंत. ती पुनमला म्हणाली, "सोयाबीनवर ताडपत्री टाकली का गं कोनी?" आणि परत झोपली.

बा आणि सत्यम आळीपाळीनं गावाकडं जात होते. लोह्याहून सोबत आलेला दगडोबा मात्र गेला नाही. तो वऱ्हांड्यात उपरणं अंथरून बसायचा, चहा दिला तर घ्यायचा. पुनम त्याच्यासमोरून जाताना आता लपू शकत नव्हती. लपायला जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"काका, कोंबडीचं चुकलं माझं. तुमाला न भेटता केलं. अहवालात भेटले म्हनून खोटं लिवलं."

"कोंबडीचं जाऊ दे," दगडोबा म्हणाला. "अकरा वरसं झाली. माझ्या भावाची सून, इंदू. आसंच हिरड्यांतनं रक्त आलं व्हतं तिच्या. मी रातभर उतरवत बसलो. सकाळी गेली. कोनी मला एक शब्द बोललं न्हाई. भाऊ म्हनला, तिची वेळ भरली व्हती. लोकांनी मला माफ केलं, पोरी, तिथंच वाईट झालं."

दगडोबानं बसल्या जागी उपरण्याची कड सारखी केली.

"तुझ्या नाटकात ती बाई मरती तवा मागं दोघं हासतच व्हते. कोंबडीचं हासू संपलं नव्हतं त्यांचं. मला वाटलं, इंदूवर हासून राहिलेत. उठून गेलो."

"मंग परवा मायला लगेच का..."

"भेलो," तो म्हणाला. "दुसरं काय. तुझी माय माझ्या ओसरीवर गेली आसती तं आता कोनी वेळ भरली म्हनलं नसतं. हे बी सांगतो तुला. चांगलं म्हनून न्हाई केलं मी. भेलो म्हनून केलं."

पुनमनं वही आणली होती. मॅडमना फोनवर सगळं खरं सांगून झालं होतं, त्यांनी अहवाल पुन्हा लिहायला सांगितला होता. ती वही तिनं उघडलीच नाही. नाटकानं काम केलं असं लिहावं, तर ते या माणसाला घाबरवून केलं होतं. नाही केलं म्हणावं, तर माय आत श्वास घेत होती.

अकराच्या सुमाराला नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला लघवी झाली. थोडी झाली, पण झाली." पुनम आत धावली. पिशवीत अर्धा पेला, चहासारखी गडद. एवढ्यासाठी कुणी रडतं का? पण ती पलंगाची कड धरून रडली. माय म्हणाली, "आगं, गप. बाया बघून राहिल्यात."

ती डोळे पुसत वऱ्हांड्यात आली, तेव्हा तिचा फोन वाजत होता. पार्वतीबाईचा होता.

"पोरी, ते हायेत का जवळ? दे त्यांना, लवकर दे."

दगडोबाला फोन नीट धरता येईना, म्हणून पुनमनं आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. पलीकडं खूप माणसं एकदम बोलत होती.

"रामलिंगाच्या घरच्या महादेवीला डसलं," पार्वतीबाई म्हणत होती. "पायाला. हितं ओसरीवर आनून टाकलंय. तुमची वाट बघून राहिलेत समदे."

"काय डसलं?"

"दिसलं न्हाई. पाय सुजून राहिलाय."

"जीप?"

"पारावर हाय. मी म्हनलं न्या लोह्याला, तं म्हनतेत आधी मंतर पायजे. दगडोबानं गुणाबाईला बी आधी उतरवलं, मंगच नेलं."

दगडोबानं डोळे मिटले. पुनमला वाटलं आपणच काहीतरी ओरडून सांगावं, पण तिचं कुणी ऐकणार नव्हतं हे तिला माहीत होतं.

मग दगडोबा बोलला. ओसरीवरचा आवाज, खणखणीत. वऱ्हांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

"फोन महादेवीच्या कानाला लावा. मी हितून उतरवतो. पन आधी तिला जीपमधी घाला आन् जीप चालू करा. लांबून उतरवायचं आसलं तं गाडीच्या आवाजावरच मंतर लागतो."

पलीकडं कुणीतरी काहीतरी विचारलं. पार्वतीबाई जोरात म्हणाली, "ते म्हनतेत ना! उचला तिला."

धावपळ ऐकू आली. दार आपटलं. जीपचा स्टार्टर घरघरला आणि बंद पडला. परत घरघरला, परत बंद. दगडोबा फोनमधे बघत होता, जणू त्यातून त्याला रस्ता दिसणार होता. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि चालू राहिलं.

दगडोबानं मंत्र सुरू केला. पुनमनं तो पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकला. त्यात देवांची नावं होती, नद्यांची होती, कुण्या आजा-पणजाची आण होती. नर्सबाई ओरडायला म्हणून आल्या, त्याचा चेहरा पाहून तशाच परत गेल्या.

मंत्राच्या मधेच तो म्हणाला, "निघाली का?"

"निघाली, निघाली," लांबून कुणीतरी ओरडलं. गिअर बदलल्याचा आवाज आला. मग वारा, खडखड, बाईचं कण्हणं.

तो म्हणत राहिला. डोळे मिटून, घाम पुसायलाही न थांबता. माळाच्या उताराला रेंज जाते, तिथं आवाज तुटक झाला आणि फोन कट झाला. पुनमला पडद्यावर ते दिसलं; त्याचा मंत्र चालूच होता. तिनं फोन खाली घेतला नाही. दोन्ही हातांनी धरून, त्याच्या तोंडासमोर तसाच ठेवला.